रंगमंचावरील गाणे आणि सांकेतिक भाषा

१८८३ मध्ये स्थापन झालेला गायन समाज देवल क्लब आणि राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेले, पुढे केशवराव भोसले यांचे नाव लाभलेले नाट्यगृह ही कोल्हापूरच्या संगीतपरंपरेची मानचिन्हे होत. असे गायन कर्णबधिर रसिकांपर्यंत पोहोचवण्याचे एक साधन म्हणजे सांकेतिक भाषा.

भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. त्यामुळे पदातील एकेका शब्दाची खूण करून भागत नाही. दुभाषी पदाचा भावार्थ हातांच्या खुणा, मुद्राभाव आणि देहाची लय यांतून प्रकट करतो. आलाप-तानांत शब्द नसतात. तेथे हालचालींची गती व विस्तार यांतून स्वरांचा चढउतार सुचवला जातो. यासाठी पदांची संहिता आगाऊ मिळणे व तालीम होणे आवश्यक असते. दुभाष्यावर पुरेसा प्रकाश हवा. गायक आणि दुभाषी एकाच दृष्टिक्षेपात दिसतील अशी आसनेही हवीत. पखवाजाचे खर्जातील कंपन अंगाला जाणवते. सांकेतिक भाषा न येणाऱ्या कर्णबधिरांसाठी पदे पडद्यावर दाखवता येतात.

२०१७ मध्ये गोविंद निहलानी दिग्दर्शित चित्रफितीत राष्ट्रगीत सांकेतिक भाषेत सादर झाले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या २९ व्या कलमाने सांस्कृतिक जीवनातील समान सहभागाच्या हक्काचे संरक्षण शासनावर सोपवले आहे. २०२४ मधील आगीनंतर केशवराव भोसले नाट्यगृहाची पुनर्बांधणी हाती घेण्यात आली. अशा वास्तूंच्या आराखड्यातच दुभाष्याची जागा व प्रकाशयोजना अंतर्भूत केल्यास हा हक्क प्रत्यक्षात येऊ शकेल.