हृदयरोहिण्यांच्या आजाराचे निदान : कोणती तपासणी कोणासाठी?

भिलाई (छत्तीसगड) : जिना चढताना छातीत दाटून येते आणि थांबले की बरे वाटते, अशी तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेलेल्या रुग्णापुढे आज तपासण्यांची लांबलचक यादी येते. ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट, थॅलियम स्कॅन, सीटी अँजिओग्राफी, एमआरआय आणि शेवटी मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून केली जाणारी नेहमीची अँजिओग्राफी. यांपैकी सर्वांत महाग तपासणी तीच सर्वांत चांगली, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात प्रत्येक तपासणी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. कोणाला कोणती आधी करावी हे रुग्णाचे वय, लक्षणे आणि इतर आजार यांवर ठरते.

सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिली झोतभट्टी सुरू झालेल्या पोलाद कारखान्याभोवती भिलाई वसली. सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र हे कारखान्यातील कामगारांचे आणि परिसराचे प्रमुख रुग्णालय. साधारण तीस किलोमीटरवरील रायपूरमध्ये २०१२ पासून एम्स आहे. भोसल्यांच्या राजवटीपासून नागपूरशी नाते असलेल्या दुर्ग, राजनांदगाव आणि रायपूर या पट्ट्यातील अनेक मराठी कुटुंबे उपचारांसाठी नागपूरही गाठतात. त्यामुळे तपासणीची निवड हा येथे वैद्यकीय प्रश्नाइतकाच प्रवासाचा, रजेचा आणि खर्चाचाही प्रश्न ठरतो.

देशव्यापी आजारभार अभ्यासानुसार २०१६ मध्ये भारतातील एकूण मृत्यूंपैकी सुमारे २८ टक्के मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी झाले. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतीयांना हा आजार साधारण दशकभर आधी गाठतो, असे हृदयरोगतज्ज्ञ सांगत आले आहेत.

दोन वेगळे प्रश्न

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांच्या भिंतीत चरबी व कॅल्शियमचा थर साचतो आणि मार्ग अरुंद होतो. येथे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, रोहिणीत थर आहे का आणि मार्ग किती अरुंद झाला आहे? दुसरा, त्या अरुंदपणामुळे श्रमाच्या वेळी स्नायूला रक्त खरोखर कमी पडते का? नळ आतून किती गंजला आहे हे पाहणे एक आणि गल्लीच्या शेवटच्या घरी पाणी पोहोचते का हे पाहणे दुसरे. सीटी अँजिओग्राफी आणि नळी घालून केलेली अँजिओग्राफी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतात. स्ट्रेस इको, अणुस्कॅन आणि स्ट्रेस एमआरआय दुसऱ्याचे.

विश्रांतीच्या वेळी काढलेला ईसीजी आणि साधा इको या पहिल्या पायऱ्या होत. इकोमुळे हृदयाची पंपिंग क्षमता, झडपांची स्थिती आणि पूर्वी येऊन गेलेल्या झटक्याच्या खुणा कळतात. मात्र हे दोन्ही अहवाल सामान्य आले तरी रोहिण्या स्वच्छ आहेत असे ठरत नाही, कारण मोठा अडथळा असतानाही विश्रांतीत रक्तपुरवठा पुरेसा असू शकतो.

आकडे काय सांगतात

युरोपियन हार्ट जर्नलमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात या तपासण्यांची तुलना करण्यात आली. रोहिणीत लक्षणीय अडथळा असलेल्या १०० रुग्णांपैकी चालपट्टीवरील स्ट्रेस ईसीजी सुमारे ५८ जणांना ओळखतो. स्ट्रेस इको ८५, अणुस्कॅन ८७, स्ट्रेस एमआरआय ९० आणि सीटी अँजिओग्राफी ९७ जणांना ओळखते. अडथळा नसलेल्या १०० जणांना ‘आजार नाही’ असे योग्य सांगण्याचे प्रमाण याच क्रमाने सुमारे ६२, ८२, ७०, ८० आणि ७८ आहे.

या आकड्यांचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होतो. आजाराची शक्यता दहा टक्के असलेले १००० जण घेतले, तर १०० जणांना आजार असेल आणि ९०० जणांना नसेल. केवळ स्ट्रेस ईसीजीवर विसंबल्यास ४२ रुग्ण नजरेतून सुटतील आणि ३४२ निरोगी व्यक्तींना आजार असल्याचा संशय येईल. सीटी अँजिओग्राफीत सुटणारे रुग्ण ३ असतील, पण १९८ निरोगी व्यक्तींवर तरीही संशय राहील. म्हणूनच सीटीचा अहवाल स्वच्छ आला तर त्यावर बराच भरवसा ठेवता येतो. अडथळा दिसला तर मात्र तो कितपत महत्त्वाचा आहे हे पुढे तपासावे लागते.

प्रत्येक पद्धतीची बाजू आणि मर्यादा

स्ट्रेस ईसीजी स्वस्त आहे, लहान शहरांतही होतो आणि रुग्णाची श्रमक्षमता दाखवतो. गुडघेदुखीमुळे चालता न येणाऱ्यांसाठी किंवा मुळातच ईसीजीत दोष असणाऱ्यांसाठी तो उपयोगी नाही. स्त्रियांमध्ये तो चुकीने सकारात्मक येण्याचे प्रमाण अधिक आहे.

स्ट्रेस इकोत श्रमानंतर किंवा डोब्युटामाइन औषध देऊन स्नायूची हालचाल पाहतात. त्यात किरणोत्सर्ग नाही, पण अचूकता तपासणाऱ्याच्या सरावावर अवलंबून असते. स्थूल व्यक्तींमध्ये प्रतिमा अस्पष्ट येऊ शकते.

बोलीत ‘थॅलियम’ म्हटल्या जाणाऱ्या स्कॅनसाठी आता बहुधा टेक्नेशियम वापरतात. त्याचा अर्धायुकाल ६ तास आहे. स्नायूच्या कोणत्या भागाला रक्त कमी पडते हे त्यात दिसते. तिन्ही रोहिण्यांत सारखाच अडथळा असेल, तर सर्वत्र सारखीच कमतरता दिसून आजार लपू शकतो. औषध देऊन ही तपासणी करायची असल्यास किमान १२ तास आधीपासून चहा-कॉफी वर्ज्य करावी लागते.

सीटी अँजिओग्राफीत शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य देऊन काही सेकंदांत प्रतिमा घेतात. नाडी मिनिटाला साधारण ६० ते ६५ च्या खाली असावी लागते, त्यासाठी आधी गोळी देतात. मूत्रपिंड अशक्त असल्यास हे द्रव्य जपून द्यावे लागते, म्हणून क्रिएटिनिन आधी पाहतात. रोहिणीत कॅल्शियम फार असेल किंवा लहान व्यासाचा स्टेंट बसवलेला असेल तर अडथळा नीट मोजता येत नाही.

एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही आणि झटक्यानंतर स्नायूचा कोणता भाग मृत व कोणता जिवंत, हे सर्वांत स्पष्ट दिसते. मात्र ती वेळखाऊ आहे, मोजक्या केंद्रांत होते आणि काही जुन्या पेसमेकरसोबत करता येत नाही.

नळी घालून केलेली अँजिओग्राफी १९५८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स यांच्या हातून योगायोगाने सुरू झाली. तिचा मोठा फायदा म्हणजे त्याच वेळी स्टेंट बसवता येतो. दाबमापक तारेने अडथळ्याच्या पलीकडील दाब मोजताही येतो. हे प्रमाण ०.८० किंवा त्याहून कमी असल्यास अडथळा महत्त्वाचा मानतात. रक्तस्राव, पक्षाघात वा झटका यांचा धोका अल्प असला तरी शून्य नाही.

किरणोत्सर्गाच्या बाबतीत, निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. आधुनिक यंत्रावरील सीटी अँजिओग्राफीत ती साधारण ३ ते ५, तर अणुस्कॅनमध्ये १० च्या आसपास असते.

आधी काय करावे?

स्कॉटलंडमधील ४,१४६ रुग्णांच्या ‘स्कॉट-हार्ट’ चाचणीत नेहमीच्या उपचारांना सीटी अँजिओग्राफीची जोड दिलेल्या गटात पाच वर्षांत हृदयरोगाने मृत्यू किंवा झटका येण्याचे प्रमाण २.३ टक्के राहिले. इतरांत ते ३.९ टक्के होते. थर लवकर दिसल्याने स्टॅटिनसारखी औषधे वेळेवर सुरू झाली, हे त्यामागील प्रमुख कारण मानले जाते. अमेरिकेतील १०,००३ रुग्णांच्या ‘प्रॉमिस’ चाचणीत मात्र सीटी आणि स्ट्रेस तपासण्या यांच्या परिणामांत फरक आढळला नाही. युरोपातील ‘डिस्चार्ज’ चाचणीत सीटीने सुरुवात केलेल्यांत प्रक्रियेशी संबंधित मोठी गुंतागुंत ०.५ टक्के, तर थेट अँजिओग्राफी केलेल्यांत १.९ टक्के होती.

यावरून आजची मार्गदर्शक तत्त्वे ठरली आहेत. शक्यता कमी ते मध्यम असेल तर सीटी अँजिओग्राफी, मध्यम ते अधिक असेल किंवा जुना स्टेंट असेल तर स्ट्रेस इको, अणुस्कॅन वा एमआरआय. औषधांनी न आवरणारी छातीदुखी किंवा आजाराची दाट शक्यता असल्यास थेट अँजिओग्राफी. स्थिर रुग्णात अडथळा सापडला म्हणजे लगेच स्टेंट, असेही नाही. २०२० च्या ‘इस्केमिया’ चाचणीत ५,१७९ स्थिर रुग्णांत सुरुवातीलाच स्टेंट वा बायपास केल्याने मृत्यू किंवा झटक्याचे प्रमाण घटले नाही. छातीदुखी मात्र अधिक कमी झाली.

खर्चाचा हिशेबही आधी करावा लागतो. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ते दाखल रुग्णांसाठी. बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या त्यात येत नाहीत, दाखल होण्यापूर्वीच्या ३ दिवसांचा खर्च मात्र धरला जातो. त्यामुळे सीटीचा खर्च खिशातून होतो आणि दाखल होऊन केलेली प्रक्रिया ‘मोफत’ वाटते. या कारणाने सरळ प्रक्रियेकडे वळण्यापूर्वी ‘माझ्या बाबतीत आजाराची शक्यता किती?’ आणि ‘अहवालाने उपचार बदलणार आहे का?’ हे दोन प्रश्न रुग्णाने डॉक्टरांना विचारावेत.

ही सारी तुलना स्थिर रुग्णांपुरती आहे. विश्रांतीतही छातीत दाब येत असेल, घाम सुटत असेल, वेदना जबड्यात वा डाव्या हातात पसरत असतील, तर कोणत्याही स्कॅनची वेळ ठरवत बसू नये. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून ईसीजी आणि ट्रोपोनिन चाचणीची सोय असलेले जवळचे रुग्णालय गाठणे, हेच पहिले काम.