कलमाचा वारसा

जपानी भाषेत मेपल वृक्षाला ‘काएदे’ म्हणतात. ‘काएरुदे’, म्हणजे बेडकाचा हात, या शब्दाचे ते संक्षिप्त रूप होय. पानाच्या पाच-सात बोटांवरून हे नाव पडले. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबर्ग हा १७७५ साली नागासाकी बंदरातील डच वखारीत वैद्य म्हणून आला. १७८४ मध्ये त्याने या वृक्षाला ‘एसर पामाटम’, अर्थात तळहाताच्या आकाराचा, असे शास्त्रीय नाव दिले. परंतु तत्पूर्वीच हा रानवृक्ष जपानी घराच्या बागेत स्थिरावला होता, आणि त्याचे श्रेय शास्त्रज्ञांचे नव्हे, माळ्यांचे आहे.

प्राचीन काळी क्योतोचे उमराव शरद ऋतूतील आरक्त पाने पाहावयास डोंगरात जात. पुढे १६३५ पासून तोकुगावा शोगुनांनी सरंजामदारांना आलटूनपालटून एदो नगरीत, म्हणजे आजच्या टोकियोत, राहणे बंधनकारक केले. तेथे त्यांचे वाडे उभे राहिले, वाड्यांभोवती बागा आल्या आणि जवळच्या सोमेई गावातील रोपवाटिकांना बरकत आली. त्या गावच्या इतो इहेई या माळी घराण्याने १७१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मेपलचे ३६ प्रकार नोंदले आहेत.

हे प्रकार टिकले कसे? बी पेरल्यास रोप मूळ झाडासारखेच निपजेल असा भरवसा नसतो. म्हणून साध्या रोपाच्या खुंटावर निवडक झाडाची डहाळी बांधावी लागते. आपल्याकडे मानकुरादचे कलम बांधतात, ते याच कारणासाठी. आम्हां वकिलांच्या दप्तरातही ‘कलम’ असते. पण ते एकदा लिहिले की कागदावर उरते. झाडाचे कलम मात्र प्रत्येक पिढीला स्वहस्ते बांधावे लागते. दुसऱ्या महायुद्धात रोपवाटिकांच्या जमिनी अन्न पिकविण्याकडे गेल्या, झाडे सरपणात गेली आणि कित्येक जुने वाण नष्ट झाले. उरलेल्या वाणांचा संग्रह व अभ्यास अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात जे. डी. व्हर्ट्रीस यांनी केला. त्यांचा ग्रंथ १९७८ मध्ये निघाला.

या झाडाच्या मागण्या थोड्याच आहेत: सकाळचे ऊन, दुपारची सावली, कोरड्या वाऱ्यापासून आडोसा, पाणी न तुंबणारी माती आणि हिवाळ्याची खरी थंडी. ही शेवटची अट आपल्या किनारपट्टीला पुरी करता येणार नाही. परंतु देवळाच्या आवारातील जुन्या, नाव असलेल्या आंब्याचे कलम या पावसाळ्यात कोणी बांधणार आहे काय, हा प्रश्न आपलाच आहे.