तळटीप : सीताबर्डीच्या बाजारातील सात्या

* लेखकाने सीताबर्डीच्या बाजारात पाहिलेली ‘सात्या’ ही अळिंबी नुसत्या छत्रीवरून ओळखता येत नाही. खरा पुरावा देठाच्या बुडाशी असतो. टर्मिटोमायसीस प्रजातीची अळिंबी वाळवीने आपल्या घरात जोपासलेल्या बुरशीतून उगवते, त्यामुळे तिचा देठ मुळासारखा निमुळता होत जमिनीत खोल जातो. छत्रीच्या मधोमध माती भेदणारे टोक असते आणि बीजाणूंचा ठसा फिकट गुलाबी उमटतो. वारूळ दिसत नसताना ती शेताच्या बांधावर कशी, हा आक्षेप टिकत नाही. ओडोन्टोटर्मिस वाळवीचे घर पुष्कळदा जमिनीखालीच असते. गवतात उगवणारी विषारी क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस कोवळेपणी पांढरी, अगदी फसवी दिसते. पण उमलल्यावर तिच्या छत्रीखालच्या पात्या हिरवट पडतात आणि खाली मूळ नसते. चांदीचा चमचा काळा पडणे, किड्यांनी खाल्लेली असणे या घरगुती कसोट्यांवर विसंबणे धोक्याचे आहे. जीवघेण्या अमॅनिटालाही किडे लागतात. बूड कापलेली अळिंबी म्हणूनच पुराव्यास अपुरी. लेखकाने मातीने माखलेला लांब, निमुळता देठ नोंदवला आहे, त्या आधारे येथे टर्मिटोमायसीस ही प्रजाती स्वीकारली आहे. नेमकी जाती तेवढ्यावरून ठरत नाही. — संपादक