मेचनिकॉफ यांचे दही

परळच्या हाफकिन संस्थेला ज्यांचे नाव आहे ते वाल्देमार हाफकिन हे ओडेसाला इल्या मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी. या गुरूंनी १९०७ साली वार्धक्याविषयीचा आपला विचार पुस्तकरूपाने मांडला. मोठ्या आतड्यातले कुजवणारे जंतू विषे सोडतात, त्यांनी शरीर लवकर झिजते. आंबट दह्यातले जंतू त्यांना आवर घालतात. पुरावा? बल्गेरियातले दही खाणारे शेतकरी दीर्घायुषी असतात, एवढाच. (दही-ताक तर भिवंडीजवळच्या दिघाशीपासून परळपर्यंत आपणही घेतो!) मेचनिकॉफ स्वतः नेमाने दही खात, १९१६ साली ७१व्या वर्षी ते वारले. अर्थात एका माणसावरून काहीच ठरत नाही.

शिष्याने तुलना केली. जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या कैद्यांमधले रुग्ण मोजले.

दह्यानंतर गोळ्या आल्या. १९५६ मध्ये डेन्हॅम हार्मन यांनी म्हातारपणाचे खापर पेशींतल्या मुक्त मूलकांवर फोडले आणि त्यांना निष्प्रभ करणाऱ्या जीवनसत्त्वांकडून आशा वाढल्या. फिनलंडमध्ये मात्र मोजणी झाली. २९,१३३ धूम्रपान करणारे पुरुष, निष्कर्ष १९९४चे. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला!

माणसाचे वार्धक्य लांबवते असे सिद्ध झालेले पूरक आजही आम्हा संशोधकांच्या हाती नाही. उणीव असेल तर गोष्ट वेगळी. याच बीटा-कॅरोटीनपासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते, आणि त्याच्या अभावाने आलेला रातांधळेपणा ते मिळताच हटू लागतो.