नाव नसलेल्या नोंदी : आनुवंशिक मधुमेहाचा वाङ्मयशोध

हस्तलिखितांच्या सूचीवर काम केलेल्या कोणालाही एक अनुभव नवा नसतो. पोथी दप्तरात असते, तिची पानेही शाबूत असतात. पण सूचीकाराने ती भलत्याच नावाखाली नोंदवलेली असते, आणि म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासकांच्या दृष्टीस पडत नाही. ती नष्ट झालेली नसली तरी वाङ्मयेतिहासाच्या लेखी ती नसल्यासारखीच असते. साहित्यात अशा चुकीची किंमत फार तर कालनिर्णयातील गफलत किंवा एखाद्या कवीवरचा अन्याय एवढी असते. वैद्यकात मात्र तीच चूक रोग्याच्या शरीराला भोगावी लागते. आनुवंशिक मधुमेहाचा गेल्या सुमारे शंभर वर्षांचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. तो जनुकांच्या शोधाचा इतिहास आहेच. पण तितकाच तो नावांचा, वर्गीकरणाचा आणि सूचींचा इतिहास आहे.

‘मधुमेह आमच्या घराण्यातच आहे’ हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. बहुतेक वेळा त्याचा रोख ज्या मधुमेहाकडे असतो, त्यात अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो आणि आहार, वजन, श्रम यांचाही हात असतो. याखेरीज मधुमेहाचे काही विरळ प्रकार असे आहेत की ज्यांत एकाच जनुकातला बदल रोगाला पुरेसा ठरतो. त्यांतल्या प्रभावी प्रकारात आई किंवा वडील यांपैकी एकाकडे तो बदल असला, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. ही जाणीव अगदीच आधुनिक नव्हे. सुश्रुताने प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्त असे दोन भेद केले आणि सहज प्रमेहाचे कारण आईबापांच्या बीजातील दोषात शोधले. चरकसंहितेतही प्रमेहाच्या संदर्भात बीजदोषाचा विचार आहे. यावरून प्राचीनांना जनुकशास्त्र अवगत होते असा निष्कर्ष काढणे हा उतावळेपणा होईल. एकाच नावाखाली येणारे दोन रोग वेगळे असू शकतात, हा भेद मात्र त्यांनी केला होता, आणि पुढच्या कहाणीत नेमका तोच भेद पुन्हापुन्हा हातातून निसटताना दिसतो.

१९२८ साली पी. जे. कॅमिज यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मधुमेह आणि आनुवंशिकता या विषयावर निबंध लिहिला. काही घराण्यांत सौम्य स्वरूपाचा मधुमेह प्रभावी गुणाप्रमाणे एका पिढीतून दुसरीत उतरतो, हे निरीक्षण त्यांनी मांडले होते. पण १९३३ साली ग्रेगरी पिंकस आणि प्रिसिला व्हाइट यांनी बॉस्टनमधील रुग्णांच्या कुटुंबांचा अभ्यास करून मधुमेह हा सुप्त गुणाप्रमाणे उतरतो, असे प्रतिपादन केले. या मताचा प्रभाव दीर्घकाळ टिकला. मधुमेह हा एकच रोग आहे आणि त्याचा वारसाही एकाच नियमाने चालतो, असे एकदा गृहीत धरले की नियमात न बसणारी घराणी अपवाद म्हणून बाजूला पडतात. कॅमिज यांचा निबंध ग्रंथालयांतून कुठे गेला नव्हता. तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे विचारणारेच कोणी उरले नव्हते.

पुढचे महत्त्वाचे काम अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात झाले. तेथे स्टेफन फाजान्स आणि जेरोम कॉन हे तरुण वयातील सौम्य मधुमेहाचा अभ्यास करीत होते. १९५८ सालापासून फाजान्स यांनी एका मोठ्या कुटुंबाची सातत्याने तपासणी केली. वैद्यकीय वाङ्मयात हे कुटुंब केवळ दोन आद्याक्षरांनी ओळखले जाते. त्याचा ज्ञात मूळपुरुष १८०९ साली जन्मला होता आणि १८६१ मध्ये हे कुटुंब प्रशियातून डेट्रॉईटला येऊन स्थायिक झाले. पुढे या वंशावळीत साडेतीनशेहून अधिक व्यक्तींची नोंद झाली. वर्षानुवर्षे कुटुंबातली माणसे रक्त देत राहिली, नात्यांची माहिती पुरवत राहिली. इकडे लंडनमध्ये रॉबर्ट टॅटरसॉल यांनी १९७४ साली तीन कुटुंबांवर निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकात ‘सौम्य’, ‘कौटुंबिक’ आणि ‘प्रभावी वारसा’ हे शब्द आहेत. म्हणजे विशेषणे आहेत, विशेषनाम नाही. त्यानंतर टॅटरसॉल आणि फाजान्स यांनी १९७५ साली मिळून लिहिलेल्या निबंधाने या रोगाचे वेगळेपण पक्के केले. ‘तरुणांमधील प्रौढ धर्तीचा मधुमेह’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून ‘मोडी’ हे नाव रूढ झाले. मराठी वाचकाला या उच्चाराने दप्तरखान्यातली न वाचली गेलेली मोडी आठवावी, हा योगायोग खरा. पण अगदीच अप्रस्तुत नव्हे.

या नावाची घडण न्याहाळण्यासारखी आहे. त्या काळी मधुमेहाची विभागणी वयावर होत असे : बालवयात सुरू होणारा आणि प्रौढवयात सुरू होणारा. जो रोग या विभागणीत बसत नव्हता, त्याचे नाव त्याच विभागणीच्या शब्दांतून तयार करावे लागले. म्हणून त्या नावातच एक विरोधाभास राहिला. पुढे १९७९ साली अमेरिकेत नवे वर्गीकरण आले आणि वयाऐवजी इन्सुलिनवरील अवलंबित्व हा निकष झाला. १९९७ साली तेही बदलून ‘प्रकार एक’ आणि ‘प्रकार दोन’ ही नावे आली. जुन्या कोटी गेल्या, पण त्यांच्या विटांनी बांधलेले हे नाव तसेच राहिले. आज या प्रकारांना त्या त्या जनुकाच्या नावाने ओळखावे असा आग्रह आहे. मात्र जुने वाङ्मय जुन्याच नावाखाली साठलेले असल्याने शोधकाला दोन्ही नावे ठाऊक असावी लागतात.

येथे सूचींचा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. वैद्यकीय नियतकालिकांची विषयवार सूची मासिक स्वरूपात देण्याचे काम जॉन शॉ बिलिंग्ज यांच्या पुढाकाराने अमेरिकेत १८७९ साली ‘इंडेक्स मेडिकस’च्या रूपाने सुरू झाले. १९६० साली नियंत्रित विषयशीर्षकांची स्वतंत्र यादी प्रसिद्ध झाली, १९६४ पासून संगणकाचे साहाय्य मिळाले, आणि १९९७ साली ‘पबमेड’ सर्वांना विनामूल्य खुले झाले. याला समांतर, व्हिक्टर मक्युसिक यांनी १९६६ साली माणसातील मेंडेलीय वारशाच्या गुणांची सूची ग्रंथरूपाने काढली. पहिली परंपरा निबंधांची नोंद ठेवते, दुसरी वारशाने येणाऱ्या लक्षणांची. दोन्ही अत्यंत उपयुक्त आहेत आणि दोन्हींची मर्यादा एकच आहे : सूचीकाराला जो भेद माहीत नाही, तो सूचीत असू शकत नाही. १९७०पूर्वीच्या एखाद्या निबंधावर ‘मोडी’ हे शीर्षक कोण लावणार? अशा निबंधापर्यंत पोचण्यासाठी शोधकाला त्या काळाच्या भाषेत विचार करावा लागतो. जुन्या बखरीत आजचा पारिभाषिक शब्द शोधून चालत नाही, तसेच हे आहे.

शिकागो विद्यापीठातील ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉन स्वॉन्सन यांनी १९८६ साली या अडचणीचे आणखी एक रूप दाखवले. दोन शास्त्रशाखांचे वाङ्मय एकमेकांना पूरक असते, पण एकीचे लेखक दुसरीचे वाचत नाहीत; मग प्रसिद्ध झालेले ज्ञानही अज्ञातच राहते. आनुवंशिक मधुमेहात याची उदाहरणे ठायीठायी आहेत. फाजान्स यांनी अभ्यासलेल्या कुटुंबातील दोष विसाव्या गुणसूत्रावर आहे हे १९९१ साली कळले, आणि प्रत्यक्ष जनुक १९९६ साली सापडले. ते जनुक ज्या प्रथिनाचे, त्याचे वर्णन १९९० सालीच झाले होते. पण ते यकृताच्या पेशींवर काम करणाऱ्यांनी केले होते, आणि प्रथिनाच्या नावातही यकृतच होते. स्वादुपिंडाच्या रोगाची किल्ली यकृताच्या फडताळात होती. त्याच वर्षी सापडलेल्या दुसऱ्या एका जनुकाचे जुने संक्षिप्त नाव ‘टीसीएफ-१’ होते. याच नावाने प्रतिकारशक्तीच्या पेशींमधील एक अगदी निराळे प्रथिनही ओळखले जाते. आज कोणी ते अक्षर-अंक घालून शोध घेतला, तर दोन निराळ्या विषयांचे निबंध एकाच ढिगात हाती येतात.

वंशावळीचेही असेच आहे. आपल्याकडे विसाव्या शतकात अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत प्रसिद्ध झाले. त्यांत पुरुषांची परंपरा काटेकोर असते. लेकी मात्र सासरच्या नावाने एका ओळीत येतात आणि त्यांची संतती दुसऱ्या कुळाच्या वृत्तांतात जाते. १९९२ साली असे दिसून आले की, मधुमेह आणि बहिरेपण एकत्र येणारा एक आजार पेशीतल्या तंतुकणिकांमधील दोषामुळे होतो. या कणिका अपत्याला केवळ आईकडून मिळतात. हा आजार आईकडून सर्व मुलांकडे जाऊ शकतो, पण पुढे फक्त मुलींच्याच संततीत उतरतो. आपला कुलवृत्तांत कितीही तपशीलवार असला, तरी नेमकी हीच रेषा त्यात तुटलेली असते. शिवाय रोगी कानाच्या वैद्याकडे आणि मधुमेहाच्या वैद्याकडे वेगवेगळा जातो, आणि दोन नोंदी दोन वाङ्मयांत विखुरतात.

या साऱ्यात पणाला काय लागलेले असते, हे नवजात बालकांच्या मधुमेहाच्या प्रकरणात स्पष्ट होते. जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह झालेल्या मुलांना दीर्घकाळ इतर मुलांप्रमाणे इन्सुलिनच दिले जाई. २००४ साली अॅना ग्लॉइन, अँड्र्यू हॅटर्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कायमस्वरूपी नवजात मधुमेहाच्या २९ रुग्णांपैकी १० जणांत एकाच जनुकातील बदल दाखवून दिले. हे जनुक इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशीच्या पोटॅशियम मार्गिकेचे होते. ती मार्गिका बंद झाल्याशिवाय इन्सुलिन बाहेर पडत नाही, आणि या मुलांत ती उघडीच राहत होती. ती बंद करणारे औषध नवे शोधायचे नव्हते. सल्फोनिलयुरिया वर्गातील गोळ्या १९५०च्या दशकापासून प्रौढ मधुमेहींना दिल्या जात होत्या, आणि त्यांचा परिणाम याच मार्गिकेवर होतो हेही औषधशास्त्राला ठाऊक होते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४९ रुग्णांपैकी ४४ जणांचे इन्सुलिन या गोळ्यांमुळे पूर्णपणे थांबवता आले. रोज टोचून घेणाऱ्या मुलाच्या आयुष्यात याचा अर्थ काय होतो, हे निराळे सांगायला नको. औषध एका फडताळात, पेशीचे शरीरशास्त्र दुसऱ्यात आणि मूल तिसऱ्यात, अशी ही स्थिती होती.

भारतात या वर्गीकरणाची निराळी परीक्षा झाली. १९८५ साली मद्रासच्या व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी भारतीयांत ‘मोडी’चे प्रमाण बरेच आढळते, असे नोंदवले. तेव्हा व्याख्या वय आणि कौटुंबिक इतिहास यांवर बेतलेली होती. परंतु आपल्याकडे नेहमीचा मधुमेहही लवकर होतो आणि अनेक पिढ्यांत दिसतो. त्यामुळे पुढे जनुकीय तपासणी होऊ लागली, तेव्हा या व्याख्येत बसणाऱ्या अनेकांत ज्ञात जनुकांतील बदल आढळले नाहीत. परक्या समाजाच्या अनुभवावर घडवलेला निकष येथे जसाच्या तसा चालला नाही. दुसरीकडे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून आसपासच्या गावांतील गर्भवती आणि त्यांची मुले यांचा अभ्यास केला. ही बालके जन्मतः कमी वजनाची, पण त्या मानाने अंगात चरबी अधिक असलेली दिसली. आईच्या पोषणाचा ठसा गर्भावर उमटतो, या विचाराला त्यामुळे बळ मिळाले. म्हणजे जन्मासोबत आलेले सारेच बीजातून आलेले असते असे नाही. ‘सहज’ आणि ‘बीजदोष’ हे शब्द आपण एका अर्थाने वापरत असू, तर येथे त्यांना पुन्हा अलग करावे लागते.

आज संपूर्ण निबंधांतून शब्द शोधणारी यंत्रे हाताशी आहेत, आणि शंभर वर्षांपूर्वीची नियतकालिकेही अंकीय रूपात उपलब्ध होत आहेत. तरीही कोणता शब्द शोधायचा हा प्रश्न यंत्राच्या आधी माणसाला पडतो, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी त्या काळाच्या शब्दांचा इतिहास माहीत असावा लागतो. हे काम साहित्याच्या अभ्यासकाला परके नाही. पाठ, पाठभेद, कोटी आणि नावे यांच्याविषयीची जी सावधगिरी आपण विद्यार्थ्यांना शिकवतो, तिची गरज रुग्णाच्या खाटेजवळही असते. डॉक्टर ‘घरात कोणाला मधुमेह आहे का?’ असे विचारतो आणि रुग्ण ‘हो, सगळ्यांनाच’ असे उत्तर देतो, तेव्हा बहुधा तेवढ्यावरच नोंद संपते. कोणाला, कितव्या वर्षी, आईकडून की वडिलांकडून, त्यांना ऐकू कमी येत होते का, इन्सुलिन लागले की गोळ्यांवर भागले, हे पुढचे प्रश्न विचारले गेले, तर त्या घराण्याची पोथी निदान योग्य नावाखाली लागेल.