तंजावरचे मराठी कुलवृत्त

बृहदीश्वराच्या ज्या देवालयाच्या भिंती चोळ राजांच्या तमिळ लेखांनी भरून गेल्या आहेत, त्याच देवालयाच्या प्राकारावर, नैर्ऋत्य बाजूस, १८०३ साली कोरलेला एक प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. त्यात भोसले कुळाचा साद्यंत वृत्तांत असून दुसऱ्या सरफोजी राजांच्या आज्ञेवरून त्यांच्या चिटणिसांनी तो लिहिला. त्यापूर्वी चारच वर्षे, म्हणजे १७९९ च्या तहाने, मुलूख, वसूल, न्याय आणि फौज ही सारी कंपनी सरकारच्या हवाली झाली होती, आणि शहाजीपुत्र व्यंकोजींनी स्थापिलेल्या त्या दौलतीच्या वारसाकडे किल्ला, भोवतीचा थोडका टापू, एक लक्ष होनांची नेमणूक व वसुलाचा पंचमांश एवढेच राहिले होते. ज्याच्या हाती कारभार उरला नाही अशा पुरुषाने पूर्वजांचा कारभार पाषाणावर चढवावा, यात रिकामा कुलाभिमान तेवढा पाहणे मला अन्यायाचे वाटते. परमुलखात सव्वाशे वर्षे नांदलेल्या कुळाने आपले येथे असणे तेथल्याच दैवताच्या साक्षीने नोंदवून ठेवले, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

सरफोजींची दृष्टी काही एका कुळापुरती नव्हती. नायक राजांपासून चालत आलेल्या सरस्वती महालात त्यांनी संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी पोथ्यांबरोबर युरोपीय भाषांतील ग्रंथही जमविले. काशीयात्रेतही त्यांचा हा ग्रंथसंग्रह चालूच होता. वाड्यात छापखाना घालून १८०६ साली त्यांनी इसापच्या गोष्टींचे मराठी रूप ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने छापविले, तेव्हा पुण्यात अद्याप पेशवाई होती!

१८५५ साली शिवाजी राजे औरस पुत्रावाचून वारले आणि संस्थान खालसा झाले. दरबाराच्या आश्रयाने वाढलेला मराठी समाज मात्र तेथेच राहिला; मोडी रुमाल दफ्तरात पडून असले तरी घरातील बोली, तमिळ शब्द पोटात घेऊन का होईना, चालू राहिली. याच समाजातील, कुंभकोणम येथे जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोरची दिवाणगिरी केल्यावर इंदूरास आणि पुढे १८७५ साली बडोद्यास दिवाण झाले. तंजावरच्या मराठी घराने गायकवाडी दौलतीस कारभारी पुरविला, हा योग इतिहासाने मोठ्या मिस्कीलपणे जुळविला खरा.

परंतु या वारशाची खोली दिवाणांच्या चरित्रांपेक्षा कीर्तनात अधिक दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील कीर्तनकारांचे आख्यान तंजावरकरांनी ऐकले, आणि कृष्ण भागवतरांनी ती पद्धती आत्मसात करून तमिळ हरिकथेला नवे वळण दिले. साकी, दिंडी, ओवी ही वृत्ते त्या हरिकथेत इतकी रुळली की ज्यांच्या घरी मराठीचा एक शब्दही बोलला जात नाही असे भागवतरही ती सहज गातात.