चाक कोण धरणार? लहान शिडाच्या बोटीवरील स्वयंचलित सुकाणूचा इतिहास

आज एका छोट्या वस्तूपासून सुरुवात करू. जेवणाच्या ताटाएवढं, मधून पोकळ असं एक प्लास्टिकचं जाड कडं डोळ्यांसमोर आणा. आत एक पट्टा, बाजूला एक छोटी विजेची मोटर आणि एक लिव्हर. तीस-पस्तीस फुटी शिडाच्या बोटीच्या सुकाणूचाकावर, चाकाच्या आऱ्यांना हे कडं घट्ट बांधतात. लिव्हर फिरवली की पट्टा ताणला जातो, मोटर चाकाला जोडली जाते आणि माणूस हात सोडू शकतो. याला म्हणतात व्हील पायलट.

दिसायला किरकोळ वस्तू आहे. पण हिच्यामागे एक जुना प्रश्न आहे. एकटा माणूस समुद्रावर गेला, तर तो झोपल्यावर चाक कोण धरणार?

सुरुवात करू जोशुआ स्लोकमपासून. एप्रिल १८९५ मध्ये हा गृहस्थ बॉस्टनहून 'स्प्रे' नावाच्या जेमतेम ३७ फुटी बोटीतून निघाला आणि जून १८९८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. एकट्याने अशी प्रदक्षिणा करणारा तो पहिला. सुरुवातीच्या काळात, अझोर्स बेटांनंतर तो पोटदुखीने केबिनमध्ये आडवा पडला होता. शुद्धीवर आला तर बाहेर वादळ, आणि चाकाशी कुणीतरी उंच खलाशी उभा! त्याने आपली ओळख सांगितली, 'मी कोलंबसच्या पिंटा जहाजाचा सुकाणूवाला.' ताप उतरल्यावर स्लोकमने पाहिलं, तर बोट खरोखरच आपल्या दिशेने नीट चालली होती.

आता भूत बाजूला ठेवू. बोट सरळ चालली हे खरं, आणि त्याचं कारणही साधं आहे. 'स्प्रे'ची शिडं आणि सुकाणू यांचा तोल असा साधलेला होता, की चाक दोरीने बांधून ठेवलं तरी ती दिशा सोडत नसे. पुढे कोकोस बेटांच्या वाटेवर सुमारे २,७०० मैलांच्या, २३ दिवसांच्या प्रवासात स्लोकम एकूण तीन ताससुद्धा चाकाशी नव्हता. हा पहिला धडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पण प्रत्येक बोट 'स्प्रे' नसते. म्हणून माणसाची जागा घेणारं यंत्र शोधायला सुरुवात झाली, आणि ती झाली मोठ्या जहाजांवर. अमेरिकेत एल्मर स्पेरीने भोवऱ्याच्या तत्त्वावर चालणाऱ्या होकायंत्राला सुकाणू जोडलं. खलाशांनी त्याला नाव दिलं 'मेटल माइक', म्हणजे लोखंडी माइक. त्याच सुमारास, १९२२ मध्ये, मूळचे रशियन अभियंते निकोलाय मिनॉर्स्की यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी अनुभवी सुकाणूवाल्यांचं काम बारकाईने पाहिलं होतं.

त्यांना काय दिसलं? तुम्ही सायकल शिकलात तेव्हाचं आठवा. नवशिका हँडल वळवतो आणि सायकल सरळ होईपर्यंत तसंच धरून ठेवतो. मग ती पलीकडे जाते. की पुन्हा उलटं! मुरलेला माणूस सायकल सरळ व्हायच्या आधीच हँडल सोडायला लागतो. जहाजाचंही तेच. चांगला सुकाणूवाला तीन गोष्टी बघतो: आत्ता दिशा किती चुकली आहे, ती किती वेगाने बदलते आहे आणि बराच वेळ एकाच बाजूला ओढ आहे का. मिनॉर्स्की यांनी हे गणितात मांडलं. आज कारखान्यांतली असंख्य यंत्रं याच तीन बाबींवर चालतात, आणि आपलं ते ताटाएवढं कडंही. १९२३ मध्ये 'न्यू मेक्सिको' या युद्धनौकेवर त्याच्या चाचण्या झाल्या. निकाल चांगले आले, पण जहाजावरच्या माणसांचाच या यंत्राला विरोध होता आणि नौदलाने ते स्वीकारलं नाही. हातातलं चाक सोडणं माणसाला सोपं गेलेलं नाही!

ही यंत्रं लहान बोटीवर कशी चढणार? जागा नाही, वीज नाही. तिथे वेगळी वाट निघाली, वाऱ्याची. १९६० मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथहून न्यूयॉर्कपर्यंत एकट्याने अटलांटिक पार करायची शर्यत झाली. जिंकले फ्रान्सिस चिचेस्टर, ४० दिवसांत. दुसरे आले ब्लाँडी हॅस्लर, आपल्या २५ फुटी 'जेस्टर'मधून. दोघांकडेही बोटीच्या मागच्या बाजूला वाऱ्याचं पातं होतं. बोट वळली की पात्यावरचा वारा बदलतो आणि पातं सुकाणू हलवतं. वीज शून्य. मात्र हे यंत्र दिशा धरतं ती वाऱ्याच्या हिशेबाने. वारा फिरला की बोटही गुपचूप फिरते.

इथे आपल्या मुंबईचा संबंध येतो. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ३१२ दिवसांत. त्यांची ३२ फुटी सागवानी बोट 'सुहेली' मुंबईत बांधलेली होती. ऑस्ट्रेलियाच्या आसपास त्यांचं वाऱ्याचं यंत्र कायमचं मोडलं. उरलेलं निम्मं जग त्यांनी शिडांचा तोल साधून आणि सुकाणू बांधून पार केलं. म्हणजे पुन्हा स्लोकमचाच धडा!

तोपर्यंत लहान बोटीही बदलत होत्या. फायबरग्लासच्या बोटी आल्या आणि सुकाणूच्या लांब दांड्याऐवजी खांबावरचं चाक आलं. या खांबालाच पेडेस्टल म्हणतात. वाऱ्याच्या पात्याच्या दोऱ्या दांड्याला सहज बांधता येतात. चाकाला बांधायच्या तर वेगळा ड्रम लागतो आणि घर्षणात ताकद वाया जाते. ही अडचण विजेने सोडवली. १९७०च्या दशकात इंग्लंडमध्ये डेरेक फॉसेट यांनी 'ऑटोहेल्म' नावाने लहान बोटींसाठी स्वस्त, बॅटरीवर चालणारे पायलट आणले. त्यांच्या चाकाच्या पायलटमध्ये आऱ्यांना ड्रम बांधायचा, आणि बाजूची मोटर बाहेरच्या पट्ट्याने तो फिरवायची. पुढे तो पट्टा कड्याच्या आत गेला.

आता ते बसवतात कसं? आऱ्यांना कडं बांधलं एवढ्यावर भागत नाही. मोटर चाकाला ढकलणार, तर तिला स्वतःला कशाचा तरी टेकू हवा. नाहीतर चाक जागच्या जागी राहील आणि मोटरच गोल फिरेल! म्हणून पेडेस्टलवर एक खुंटी बसवतात आणि कड्याची खाच तिच्यात अडकवतात. सगळा जोर त्या खुंटीवर येतो. दुसरी गोष्ट इलेक्ट्रॉनिक होकायंत्राची. ते इंजिन, लोखंड आणि स्पीकरच्या चुंबकापासून दूर लागतं. नाहीतर यंत्र अगदी इमानदारीने चुकीच्या दिशेला जाईल. तिसरी गोष्ट लिव्हरची. ती अशा जागी हवी, की अंधारात, घाबरलेल्या हाताला पहिल्या झटक्यात सापडेल.

या तिसऱ्या गोष्टीपाशी मी थांबणार आहे. या सव्वाशे वर्षांत आपण यंत्राला हात दिला, होकायंत्र दिलं, सुकाणूवाल्याची सवयसुद्धा दिली. पण समोर मासेमारीची होडी आली तर हे कडं तिच्या अंगावर जाईल, कारण त्याला दिशा कळते, होडी कळत नाही. आणि याहून भयंकर म्हणजे, एकटा माणूस पाण्यात पडला तर? हाताने चालवलेली बोट पुष्कळदा सुकाणू सुटताच वाऱ्याकडे तोंड करून मंदावते. पायलट लावलेली बोट मात्र आपली दिशा अचूक धरून, मालकाला मागे टाकून निघून जाते. यंत्र बिघडलेलं नसतं, उलट अगदी चोख काम करत असतं. म्हणून असे लोक पायलट चालू करण्याआधी कंबरेचा दोर बोटीला अडकवतात.

आणि स्लोकमचा धडा? शिडांचा तोल नसेल तर हे कडं चाकाशी सतत झगडतं, बॅटरी संपवतं आणि पट्टा झिजवतं. आधी बोट अशी लावायची, की चाक दोन बोटांनी धरता येईल, आणि मग ते यंत्राच्या हाती द्यायचं. मोटर येण्याच्या कितीतरी आधी, एका दोरीच्या जोरावर, स्लोकमला हे कळलं होतं.

इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.